पाचव्या चाकाची गोष्ट

मुलांनो, आधी एक कोडं घाला पाहू सोडवायला.

चौघे भाऊ दिवसभर धावतात, पाचवा नुसता झोपतो. चौघांतला एक जरी आडवा पडला, तरच हा पाचवा उठतो. ओळखा, मी कोण?

आलं का उत्तर? बरोबर! गाडीची स्टेपनी. म्हणजे जादा चाक. मोटारीत, जीपमध्ये, टेम्पोत, ट्रकमध्ये, आपल्या लाडक्या एसटीच्या लाल गाडीतसुद्धा हे एक चाक प्रवासाला फुकट निघालेलं असतं. ते रस्त्याला टेकत नाही, झिजत नाही आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. आज आपण या दुर्लक्षित चाकाची ओळख करून घेणार आहोत. आई-बाबांनो, तुमच्या दारात गाडी असेल तर हे पान तुम्हीही जरूर वाचा, बरं का!

नाव आलं कुठून?

'स्टेपनी' हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की तो मराठीच वाटतो. मुळात ते एका रस्त्याचं नाव आहे! ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा प्रांत आहे. तिथं लानेली नावाचं एक गाव आहे. (वेल्श भाषेतला खरा उच्चार म्हणजे जिभेची परीक्षाच!) या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या दोघा भावांचा तिथं लोखंडी सामानाचा धंदा होता.

त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. चाक गाडीला कायमचं बसवलेलं असे. रस्ते कच्चे, त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले. खिळा घुसला की 'फुस्स्'! मग गाडीवाल्यानं रस्त्यातच बसायचं, टायर रिमवरून ओढून काढायचा, आतली ट्यूब बाहेर घ्यायची, ठिगळ लावायचं, पुन्हा सगळं बसवायचं आणि हातपंपानं हवा भरायची. पावसात आणि चिखलात हे करायचं म्हणजे काय हाल होत असतील, विचार करा.

१९०४ साली डेव्हिस बंधूंनी यावर युक्ती काढली. त्यांनी आरे नसलेली एक गोल रिम तयार केली. तिच्यावर टायर चढवून आधीच हवा भरून ठेवायची. पंक्चर झालं, की मूळ चाक काढायचंच नाही! ही जादा रिम त्याच्या शेजारी आकड्यांनी घट्ट बसवायची आणि पुढं निघायचं. रस्त्याच्या नावावरून या चाकाचं नाव पडलं 'स्टेपनी'. पुढं गाडीचं चाकच नट खोलून बदलता येऊ लागलं आणि डेव्हिस बंधूंची ती रिम मागं पडली. वस्तू गेली, पण नाव राहिलं. गंमत अशी, की खुद्द इंग्लंडात आज कुणी स्टेपनी म्हणत नाही. आपण मात्र म्हणतो! आणि तिकडे दूर ब्राझीलमध्येही जादा चाकाला 'एस्तेपी' म्हणतात.

हवेवर चालणारी गाडी

मुळात चाकात हवा भरायची कल्पना कुणाची? १८४५ साली रॉबर्ट विल्यम टॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पण तेव्हा ना सायकली होत्या, ना मोटारी. त्यामुळं लोक ते विसरून गेले. पुढं १८८७ साली बेलफास्ट शहरातले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी रबराच्या नळीत हवा भरून चाक बनवलं. मुलाला धक्के बसू नयेत, एवढाच हेतू! १८८८ साली त्यांनी पेटंट घेतलं. पण ही कल्पना आधीच नोंदलेली आहे, हे नंतर उघड झालं आणि डनलॉप यांचं पेटंट रद्द झालं.

फ्रान्समधल्या मिशलिन बंधूंनी १८९५ साली पॅरिस-बोर्डो-पॅरिस या मोटारींच्या शर्यतीत हवेचे टायर लावलेली गाडी उतरवली. गाडी जिंकली नाही. वाटेत तिचे टायर पुन्हा पुन्हा पंक्चर झाले. पण मोटारीला हवेचे टायर चालतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

आणि आपल्याकडे? एमआरएफ हे नाव तुम्ही क्रिकेटच्या बॅटवर पाहिलं असेल. ही कंपनी १९४६ साली मद्रासला सुरू झाली, ती टायर बनवण्यासाठी नव्हे, तर मुलांच्या खेळण्यातले फुगे बनवण्यासाठी! आहे की नाही मजा? फुगा काय नि टायर काय, दोन्हीकडे काम एकच. रबरात हवा कोंडायची.

स्टेपनीचं घर

आता जरा रस्त्यावर उभे राहून पाहा. प्रत्येक गाडीत स्टेपनीचं घर वेगळं.

बहुतेक छोट्या मोटारींत ती डिकीत, सतरंजीखाली झोपलेली असते. म्हणजे पंक्चर झालं, की आधी सगळ्या बॅगा, आंब्याच्या पेट्या आणि आजीची फणसपोळीची पिशवी रस्त्यावर काढायची! बोलेरो, सुमो अशा गाड्यांच्या मागच्या दारावर ती ऐटीत बसलेली दिसते. जुन्या बजाज चेतक स्कूटरच्याही पाठीमागे स्टेपनी असायची. तुमच्या आजोबांना विचारा. स्कूटरची पुढची आणि मागची चाकं सारखीच असल्यामुळं एकच स्टेपनी दोन्हीकडे चालायची.

ट्रक, मिनीबस आणि काही मोठ्या प्रवासी गाड्यांत मात्र ती गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. छोट्या मोटारीचं चाक १५ ते २० किलोंचं असतं. एक माणूस उचलू शकतो. पण ट्रकचं किंवा बसचं चाक रिमसकट ८० ते १०० किलोंच्या घरात जातं. म्हणजे तुमच्यासारखी तीन मुलं एकावर एक! ते वर उचलून ठेवायचं कसं? म्हणून त्याला खाली टांगतात आणि वर-खाली करायला एक छोटं यंत्र बसवतात.

पोटाखालचा रहाट

कोकणातल्या मुलांना हे यंत्र समजायला अजिबात अवघड नाही. विहिरीवरचा रहाट आठवा. दोर गुंडाळला की कळशी वर येते, सोडला की खाली जाते. इथंही तसंच. गाडीच्या मागच्या बाजूला एक भोक असतं. त्यातून लांब दांडा आत घालायचा आणि फिरवायचा. आतलं चाक फिरतं आणि त्यावरची साखळी किंवा तारेचा दोर हळूहळू खाली सुटतो. साखळीच्या टोकाला लोखंडी पट्टी असते. ही पट्टी रिमच्या मधल्या भोकात आडवी अडकलेली असते, शर्टाचं बटण काजात अडकतं ना, तशी. स्टेपनी जमिनीला टेकली, की साखळी सैल करायची, पट्टी तिरकी करून भोकातून काढायची. झाली स्टेपनी मोकळी!

पण रहाटात आणि यात एक फरक आहे. रहाटाची मूठ हातातून सुटली तर कळशी धाडकन खाली जाते. स्टेपनीचा दांडा सोडला तरी ती पडत नाही. का बरं? कारण आत स्क्रूसारखे आटे असलेला एक दांडा असतो आणि त्याच्या आट्यांत एक दातेरी चाक अडकवलेलं असतं. आट्यांचा दांडा दातेरी चाकाला फिरवू शकतो. पण दातेरी चाक उलट दांड्याला फिरवू शकत नाही. घर्षण त्याला अडवतं. पाचवी-सहावीत तुम्ही साधी यंत्रं शिकता. तरफ, उतरण, स्क्रू, चाक आणि आस. इथं ती सगळी एका ठिकाणी भेटतात.

आंबा घाटातले दोन तास

हे सगळं ठीक आहे, पण स्टेपनीची एवढी चौकशी कशाला, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आमच्या शाळेच्या एका सहलीची हकिकत सांगते.

चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. म्हणून आमची सहल निघाली होती पन्हाळ्याला. भाड्याची मिनीबस, पस्तीस मुलं, डबे, अंताक्षरी, सगळं झोकात चाललं होतं. साखरपा मागं टाकून आंबा घाट चढायला लागलो आणि मागून धप धप आवाज येऊ लागला. ड्रायव्हरकाका अनुभवी होते. त्यांनी एकदम ब्रेक मारला नाही. वेग हळूहळू कमी केला आणि रुंद जागा बघून गाडी डोंगराच्या कडेला घेतली.

"बाई, पोरांना उतरवून घ्या आणि गाडीच्या पुढं, डोंगराच्या बाजूला उभी करा. दरीकडं एकही जाता कामा नये," काका म्हणाले. क्लीनरदादांनी चाकांमागे दगड लावले आणि मागच्या वळणावर झाडाची फांदी ठेवून आले.

चाक बदलायला अर्धा तास पुरला असता. पण स्टेपनीच खाली येईना! दांडा भोकात घातला, तर तो फिरेचना. आधीच्या पावसाळ्यातला लाल चिखल साखळीवर थापून वाळला होता. त्याखाली गंज. साखळी नि पट्टी एकजीव झाली होती. काकांनी जोर लावला, दादांनी हातोडी मारली, तरी ढिम्म.

तेवढ्यात कोल्हापूरकडून येणारा एक ट्रक थांबला. ट्रकवाल्या मामांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जोर नका लावू. दांडा मोडला तर मग गॅरेजशिवाय सुटका नाही. तेल पाजा आणि वाट बघा." त्यांनी साखळीवर डिझेल सोडलं, वाळलेला चिखल खरवडला, थोडं थांबून हलके हलके ठोकलं, पुन्हा डिझेल सोडलं. असं तीन-चारदा केल्यावर दांडा कुरकुरत हलला. स्टेपनी उतरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवायची घाई झाली म्हणायची, कारण स्टेपनीत हवाच नव्हती! दाबली तर मऊ. शेवटी मामांनी आपल्या ट्रकच्या हवेच्या टाकीला नळी लावून ती भरून दिली. सगळं आटपेपर्यंत दोन तास गेले. पन्हाळ्यावर तीन दरवाजा आणि सज्जाकोठी पाहून झाली आणि ऊन उतरलं. अंधारबाव बाहेरूनच.

परत येताना आमच्या एका मुलीनं काकांना विचारलं, "काका, ती स्टेपनी कुणी कधी बघितलीच नव्हती का?" काका प्रामाणिकपणे म्हणाले, "बाळा, गाडी धुताना चारी बाजू धुतो. हिला वाकून कोण बघतंय?"

मला वाटतं, सगळी गोष्ट या एका वाक्यात आली. आमचं नशीब, की दुपार होती आणि पाऊस नव्हता. हेच जुलै महिन्यात, रात्री, धुक्यात झालं असतं तर? गाडीत एखादं आजारी माणूस असतं तर?

गंज: आपला जुना पाहुणा

कोकणात लोखंडाला गंज लवकर चढतो, हे तुमच्या घरच्या खिडकीचे गज सांगतील. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे पाण्याची ददात नाही. त्यात समुद्रावरून येणारी खारी हवा! पाण्यात मीठ मिसळलं की गंजण्याची क्रिया आणखी वेगानं होते. मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन पाहा. मासेमार आपल्या होड्यांवरच्या तारदोरांना आणि यंत्रांना ग्रीस नि रंग लावत असतात. त्यांना गंजाची खोड चांगली ठाऊक आहे.

गंजाची आणखी एक खोड म्हणजे तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत गंज फुगतो आणि नट जाम होतो. म्हणून अडकलेला नट ताकदीनं नव्हे, तेलानं आणि सबुरीनं सुटतो. तेल बारीक फटींतून आत शिरतं, पण त्याला वेळ लागतो.

करून पाहा: चार सारखे लोखंडी खिळे घ्या. पहिला कोरड्या वाटीत ठेवा. दुसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवा. तिसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवा. चौथ्याला ग्रीस फासा आणि तोही मिठाच्या पाण्यात ठेवा. पाच दिवस रोज बघून वहीत लिहा. कुठला खिळा आधी तांबूस झाला? आणि चौथ्याचं काय झालं?

स्टेपनीचा वाढदिवस

आता एक सुचवते. वर्षातून दोन दिवस स्टेपनीसाठी ठेवा. एक मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी. दुसरा दिवाळीच्या आसपास, पाऊस संपल्यावर. त्या दिवशी मोठ्या माणसांनी स्टेपनी खरोखर बाहेर काढून बघायची. तुम्ही वही-पेन्सिल घेऊन तपासनीस व्हायचं!

१. दांडा, पाना आणि जॅक गाडीत आहेत का? पुष्कळदा घरकामाला काढलेला पाना परत ठेवलेलाच नसतो. काही गाड्यांच्या चाकांना चोरी होऊ नये म्हणून एक खास नट असतो. त्याची चावी कुठं आहे, तेही विचारा.

२. स्टेपनी सपाट जागेवर, गाडी बंद असताना खाली उतरवा. साखळी सुटत असताना गाडीखाली कुणीही डोकं किंवा हात घालायचा नाही. तारेचा दोर असेल तर त्याचे धागे तुटलेत का, हे बघायचं. तुटलेला दोर बदलायचा. गाठ मारून चालत नाही. चालत्या गाडीतून एवढं वजन रस्त्यावर पडलं, तर मागच्या स्कूटरवाल्याच्या जिवावर बेतेल.

३. चिखल धुवा, तारेच्या ब्रशनं गंज घासा, वाळू द्या आणि मग ग्रीस लावा. ग्रीस फक्त साखळीला, आट्यांना आणि दांड्याच्या भोकाला. रबराला तेल-ग्रीस लागलं तर ते खराब होतं. चाकाच्या नटांनाही ग्रीस लावू नये. ते गरजेपेक्षा जास्त आवळले जातात.

४. हवा मोजा. हवा भरताना आपण चार चाकांची भरतो आणि पैसे देऊन निघतो. पाचव्याचीही भरा! रबरातून हवा अगदी हळूहळू निसटतच असते, चाक वापरा अगर न वापरा. किती हवा हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. स्टेपनीत चार-पाच पाऊंड जास्त भरून ठेवतात आणि चाक लावल्यावर ती बरोबर करून घेतात.

५. टायर हातानं चाचपून पाहा. बाजूला भेगा आहेत का? कुठं फुगवटा आहे का? रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं.

६. परत वर चढवताना पट्टी रिमच्या भोकात नीट आडवी बसली आहे ना, ते बघा. साखळी पूर्ण ताणा. शेवटी चाक हलवून पाहा. जरासुद्धा लोंबकळता कामा नये.

टायरवर लिहिलंय काय?

तपासनीसांनो, टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत त्याची जन्मतारीख लिहिलेली असते! चार आकडे शोधा. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. '२३१९' असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जून महिन्यात तयार झाला. आपल्या गाडीच्या पाचही चाकांच्या तारखा लिहून काढा. स्टेपनी बहुधा सगळ्यांत म्हातारी निघेल!

दुसरं लेखन असतं मापाचं. समजा, '१८५/६५ आर १५' असं लिहिलंय. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल, हा टायर विणण्याचा एक प्रकार. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. आता गणित करू.

बाजूची उंची: १८५ × ६५ ÷ १०० = १२०.२५ मि.मी. वरची आणि खालची मिळून २४०.५ मि.मी. रिम: १५ × २५.४ = ३८१ मि.मी. एकूण व्यास ६२१.५ मि.मी. त्याला ३.१४ ने गुणा. परीघ आला १९५१.५ मि.मी., म्हणजे साधारण १.९५ मीटर. एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ५१३ फेरे झाले. रत्नागिरी ते कोल्हापूर अंतर साधारण १३० किलोमीटर. म्हणजे एवढ्या प्रवासात प्रत्येक चाक साडेसहासष्ट हजारांहून जास्त वेळा फिरतं, आणि स्टेपनी एकदाही नाही!

चाक बदलताना

हे काम मोठ्यांचं. पण क्रम तुम्हाला माहीत असू द्या. गाडी सपाट आणि कडक जागेवर घ्यायची. हातब्रेक ओढायचा, चारही दिवे उघडझाप करायला लावायचे आणि लाल त्रिकोण मागं लांब ठेवायचा. सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून दूर उभं राहायचं. दुसऱ्या चाकांना दगड लावायचे. नट आधी थोडे सैल करायचे आणि मगच जॅक लावायचा. गाडी उचलल्यावर नट सोडायला गेलं, तर चाक हवेत फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. आपली लाल माती पावसात लोण्यासारखी मऊ होते; तिथं जॅकखाली जाड फळी ठेवायची. जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. नवं चाक लावल्यावर नट समोरासमोरचे, आळीपाळीनं आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. गाडी खाली घेऊन पुन्हा एकदा घट्ट करायचे, आणि थोडा प्रवास झाल्यावर परत तपासायचे.

पाना जितका लांब, तितका जोर कमी लागतो. २० सेंटिमीटरच्या दांड्याऐवजी ६० सेंटिमीटरचा घेतला, तर एक तृतीयांश जोर पुरतो. पाहा, तरफेचा नियम कामाला आला की नाही?

स्टेपनी संपणार का?

आता काही नव्या मोटारींत स्टेपनी नसतेच. २०२० साली आपल्याकडे नियम बदलला. ज्या छोट्या मोटारींत ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचं किट आणि हवा कमी झाल्याची सूचना देणारं यंत्र आहे, त्यांना जादा चाक बाळगण्याची सक्ती राहिली नाही. काही गाड्यांत बारीक, हलकी स्टेपनी येते. तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. ती जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यासाठीच. तिच्यावर मुंबई गाठायची नसते!

उलट, एका नव्या गाडीला मात्र स्टेपनीची आठवण जास्तच ठेवावी लागेल. ती म्हणजे फिरतं घर, कॅरॅव्हॅन. झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सगळं गाडीतच! महाराष्ट्र शासनानं २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी खास धोरण आखलं. गणपतीपुळे, गुहागर, वेळणेश्वर अशा किनाऱ्यांवर असं घर घेऊन राहायला काय मजा येईल! पण या गाड्या जड असतात आणि पुष्कळ दिवस एका जागी उभ्या राहतात. टायर झिजत नाहीत, पण उभ्या उभ्या म्हातारे होतात. आणि स्टेपनी असते मागच्या पोटाखाली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, नाहीतर मागच्या भिंतीवर सायकलींच्या मागं. ती कशी निघते, हे घरून निघतानाच करून बघायला हवं. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात तर नक्कीच!

या रविवारचा अभ्यास

१. आपल्या गाडीची, नाहीतर शेजारच्या काकांच्या गाडीची स्टेपनी कुठं आहे, ते शोधा आणि चित्र काढा. गाडी नसेल तर एसटी स्टँडवर जा आणि लांबूनच बसचं निरीक्षण करा. मागं दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं का असतात, ते ड्रायव्हरकाकांना नमस्कार करून विचारा.

२. टायरवरची जन्मतारीख शोधा आणि त्याचं वय काढा.

३. वर दिलेल्या गणितासारखं आपल्या सायकलच्या चाकाचं गणित करा. घरापासून शाळेपर्यंत किती फेरे होतात?

४. बाबांना किंवा आईला विचारा: "आपल्या स्टेपनीत हवा कधी भरली होती?" उत्तर आठवेना झालं, तर त्यांच्यावर हसू नका. पंपावर जाताना त्यांच्याबरोबर जा आणि हवा भरणाऱ्या दादांना आठवण करा, "दादा, पाचव्या चाकातही हवा!"